पटल नको ते बाहेर ठेवतं, मग जादा खतानं ढबू मिरची मान का टाकते?

तुमचा प्रश्न मला कळला तो असा. वेदगंगेच्या काठाला काळं रान, मल्चिंगवर, म्हणजे वाफ्यावर अंथरलेल्या प्लास्टिकच्या कागदावर, उन्हाळी ढबू मिरची, पाणी बोअरचं आणि ठिबकावर. झाडं सकाळी तरतरीत असतात, बाराच्या पुढं मान टाकतात, दिवस कलला की पुन्हा उभी राहतात. कागदाखाली हात घातला तर ओल लागते, ओल्या पट्ट्याच्या कडेला पांढरट पापुद्रा दिसतो. दुकानदार म्हणाला खुराक कमी पडतोय, एकोणीस-एकोणीस, म्हणजे नत्र-स्फुरद-पालाशाचं ते विद्राव्य खत, वाढवा. वाढवलं तर मलूलपणाही वाढला. त्यात तुमची मुलगी पीयूसीला, म्हणजे अकरावी-बारावीला, सायन्सला. तिनं पुस्तकातलं वाक्य दाखवलं की पेशीपटल, म्हणजे पेशीभोवतीचा पातळ पडदा, हवं ते आत घेतं आणि नको ते बाहेर ठेवतं. त्यावर तुम्ही विचारताय: मग जादा खत झाड घेणारच नाही, रानात पडून राहील, फार तर माझे पैसे जातील; झाडाला त्रास व्हायचं कारण काय? आणि जिप्सम टाकू का, हेही विचारलंय.

मी निपाणी-चिकोडी भागात माती-पाणी तपासून ठिबकाच्या खतांचं वेळापत्रक बसवून देतो. उन्हाळा लागला की अशा तक्रारी रोजच्या असतात, पण 'कुठलं औषध मारू' यापलीकडं सहसा कुणी विचारत नाही. तुम्ही मुळाशी हात घातलाय, म्हणून उत्तरही जरा लांबवतो.

तुमचा तर्क अर्धा बरोबर आहे. खतातले क्षार मुळाच्या पेशीत आपोआप घुसत नाहीत, पटल त्यांना अडवतं. आणि झाड सुकतं ते त्या अडवण्यामुळंच. पटलानं पाणी आणि क्षार दोन्ही सारखेच सोडले असते तर दुपारी झाड असं सुकलं नसतं. पेशी जगली नसती ही गोष्ट वेगळी.

हे उलगडून सांगतो, पण त्याआधी एक पक्कं करून घ्या. दुपारी सुकणं आणि संध्याकाळी सावरणं हे फक्त क्षारांचं लक्षण नाही. मर रोगाची सुरुवातही अशीच होते. सुकणारं एक झाड बुडाशी कापा, खोडाचा चार बोटं लांबीचा तुकडा घ्या, आणि काचेच्या ग्लासात स्वच्छ पाणी घेऊन कापलेलं टोक नुसतं बुडेल असा तो धरा. हलवू नका. काही मिनिटांत टोकातून पांढुरकी तार सरळ खाली उतरायला लागली तर ती जिवाणूंची मर, आणि मग हे पुढचं सगळं तुमच्या कामाचं नाही. त्याच झाडाचं मूळ धुऊन बघा. मुळावर बारीक गाठी असतील तर सूत्रकृमी, म्हणजे मुळात शिरणारे बारीक जंत. मर बहुधा इथं एक, तिथं चार अशी सुरू होते आणि ती झाडं पुढच्या काही दिवसांत संध्याकाळीही उठेनाशी होतात. ओळीच्या ओळी एकसारख्या मान टाकत असतील, आणि ठिबकाच्या ओल्या पट्ट्याच्या कडेला पांढरट पापुद्रा दिसत असेल, तर संशय क्षारांवर. तुम्ही पापुद्र्याचं लिहिलंय, म्हणून मी त्या अंगानं बोलतोय.

आता पटल. स्निग्ध रेणूंचे एकाला एक चिकटलेले दोन थर आणि त्यात अडकवल्यासारखी प्रथिनं, एवढीच त्याची बांधणी. जाडी सात-आठ नॅनोमीटर. एक मिलिमीटर भरायला असे लाखाहून जास्त पापुद्रे एकावर एक रचावे लागतील. दोन थर असल्याचं 1925 मध्ये गोर्टर आणि ग्रेंडेल या डच संशोधकांनी ओळखलं. त्यांनी तांबड्या रक्तपेशींतली चरबी काढून पाण्यावर पसरवली, तेव्हा ती पेशींच्या पृष्ठभागाच्या साधारण दुप्पट जागेवर पसरली. मुलीच्या पुस्तकातलं तरंगत्या प्रथिनांचं चित्र सिंगर आणि निकोल्सन यांचं, 1972 चं.

या स्निग्ध थरातून कोण जातं? ऑक्सिजन आणि कार्बन डायऑक्साइड सहज जातात, कारण ते लहान आणि त्यांच्यावर विद्युतभार नाही. नायट्रेट, पोटॅशियम, कॅल्शियम, सोडियम, क्लोराइड हे भारित. प्रत्येकाच्या अंगाला पाण्याचे रेणू चिकटलेले. तेलात मीठ विरघळत नाही, त्याच कारणानं हे स्निग्ध थरातून जाऊ शकत नाहीत. त्यांना प्रथिनांचाच मार्ग लागतो. पाणी थरातून थोडं झिरपतं, पण मुळाला लागतं त्या वेगानं जायचं तर पाण्याच्या वेगळ्या प्रथिन-नळ्या आहेत, अ‍ॅक्वापोरिन. त्यांचा छडा पीटर अ‍ॅग्रे यांनी 1992 मध्ये लावला आणि 2003 मध्ये त्यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. एका नळीतून सेकंदाला अब्जावधी पाण्याचे रेणू एकामागं एक जातात, पण मिठाचा आयन, म्हणजे भारित कण, त्यात शिरत नाही.

'हवं ते, नको ते' हे वाक्य परीक्षेला चालेल, रानात ते फसवतं. काय हवं आणि काय नको हे पटलाला कळत नाही. आकार, विद्युतभार आणि त्या पदार्थासाठी प्रथिन आहे की नाही, एवढ्यावर सगळं चालतं. पाण्याच्या बाबतीत तर झाडाच्या हातात आणखी कमी आहे. पाणी ओढून घेणारा पंप कुठल्याच झाडाकडं नाही. पाणी जिथं मोकळं आहे तिथून जिथं ते जखडलेलं आहे तिकडं जातं, बस्स. झाड पेशीत पोटॅशियम, साखर, आम्लं साठवतं, वरून पानातून बाष्प जाताना ओढ लागते, आणि मातीतलं पाणी त्या ओढीनं आत येतं. पटलाच्या बाहेर, म्हणजे मातीच्या पाण्यात, तुम्ही विरघळलेले क्षार वाढवलेत की तिथलं पाणीही जखडलं जातं. क्षारांना पटल ओलांडता येत नाही, ते बाहेरच राहून पाण्याला धरून ठेवतात. यालाच परासरण म्हणतात, मुलीच्या पुस्तकातलं ऑस्मोसिस.

हे घरी बघता येतं आणि मुलीच्या प्रॅक्टिकललाही उपयोगी पडेल. एक कच्चा बटाटा सोला, बोटाएवढ्या जाडीच्या चार सारख्या कांड्या कापा. दोन साध्या पाण्याच्या ग्लासात टाका, दोन दुसऱ्या ग्लासात, त्यात चमचाभर मीठ विरघळवून. तासाभरानं काढून बोटांत वाकवून बघा. साध्या पाण्यातली कांडी ताठ असते, वाकवली तर कट्कन मोडते. मिठाच्या पाण्यातली वाकते आणि मोडत नाही, आणि मोजपट्टी लावली तर किंचित आखूड झालेली असते. आता त्या दोन मऊ कांड्यांपैकी एक साध्या पाण्यात टाका. बरीचशी पुन्हा ताठ होते. दुसरी रात्रभर मिठातच राहू दे. सकाळी तिला साध्या पाण्यात घातली तरी ती पहिल्यासारखी सावरत नाही, कारण तोवर पेशींची पटलंच बिघडलेली असतात. तुमची मिरची संध्याकाळी सावरते, म्हणजे ती अजून पहिल्या कांडीच्या जागी आहे. म्हणून घाई करा असं सांगतोय.

आता आकडे, कारण अंदाजावर खत कमी करायलाही मी सांगणार नाही. पाण्यातले किंवा मातीतले विरघळलेले क्षार आम्ही ईसीवर, म्हणजे त्यातून वीज किती सहज वाहते त्यावर, मोजतो, एकक डेसिसायमन प्रति मीटर. ईसी एकनं वाढली की पाणी सोडवून घ्यायला झाडाला साधारण 0.36 बार (बार हे दाबाचं एकक) जादा ओढ लावावी लागते. वाफशावरची, म्हणजे जादा पाणी निचरून ओल बेताची राहिलेली, माती पाण्याला धरते तीच मुळात एक तृतीयांश बारच्या आसपास. म्हणजे मातीतल्या पाण्याची ईसी नुसती एकनं चढली तरी झाडाचं काम दुप्पट. त्यात मातीतलं पाणी निम्मं आटलं की उरलेल्यातले क्षार दुप्पट दाट होतात. म्हणून ओल हाताला लागते आणि तरीही झाडाला पाणी मिळत नाही, हे दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं.

सगळी पिकं हे सारखं सोसत नाहीत. मातीच्या संपृक्त अर्काच्या, म्हणजे माती पाण्यानं पुरती भिजवून काढलेल्या पाण्याच्या, ईसीवर बघितलं तर मिरचीची मर्यादा 1.5, आणि त्यापुढं प्रत्येक एकाला साधारण 14 टक्के उत्पन्न घटतं. उसाची मर्यादा 1.7, म्हणजे मिरचीपेक्षा फार वरची नाही, पण त्यापुढची घट 6 टक्क्यांच्या आत. शेजाऱ्याचा ऊस त्याच बोअरच्या पाण्यावर बरा दिसतो आणि तुमची मिरची नाही, याचं कोडं बहुतेक इथं सुटेल. टोमॅटो 2.5 पर्यंत तग धरतो. एक सांभाळा: आपल्याकडच्या तपासणीच्या कागदावर बहुतेक वेळा एक भाग माती आणि अडीच भाग पाणी या मिश्रणाची ईसी असते. पाणी जास्त घातल्यामुळं ती बरीच कमी दिसते, काळ्या मातीत तर फारच. कागदावरचा 0.6 बघून 'दीडच्या आत आहे' असं समाधान मानू नका.

अमुक ईसीला अमुक ग्रॅम खत, असं सरसकट मी सांगणार नाही. तुमचं रान काळं, बारीक कणांचं, निचरा हळू. इथं घातलेलं बरंचसं मुळांपाशीच राहतं. हाच प्रश्न बेळगाव-खानापूरच्या पश्चिमेकडच्या तांबड्या रानातून आला असता तर मी उलट बोललो असतो. तिथं पाऊस क्षार धुऊन नेतो आणि खत टिकत नाही ही तक्रार असते. नदीचं पाणी आणि बोअरचं पाणी यांतही फरक, आणि बोअरचं पाणी जानेवारीत एक, मे महिन्यात दुसरं. त्यामुळं मीटर लागतोच. पेनासारखा ईसी मीटर मिळतो, एका बियाणाच्या पाकिटापेक्षा महाग पडत नाही.

पण मीटरचीही एक खोड लक्षात ठेवा. युरिया पाण्यात विरघळला तरी मीटरचा आकडा जवळजवळ हलत नाही, कारण युरियाच्या रेणूवर भार नाही आणि मीटर फक्त भारित कण मोजतो. एकोणीस-एकोणीसमधल्या नत्राचा मोठा वाटा पुष्कळदा युरियाच्या रूपात असतो. पिशवीच्या मागं छापलेलं असतं, वाचा. म्हणजे खत सोडताना मीटर 'ठीक आहे' म्हणतो, आणि पुढच्या काही दिवसांत मातीतले जिवाणू त्या युरियाचं अमोनियम करतात, मग ईसी चढते. पालाशातही, म्हणजे पोटॅशियममध्येही, खतानुसार फरक आहे. मीठपणाच्या निर्देशांकावर म्युरेट ऑफ पोटॅश 116 ला, तर सल्फेट ऑफ पोटॅश, म्हणजे आपलं 0:0:50, 46 च्या आसपास. म्युरेट स्वस्त पडतं म्हणून कुणी ठिबकाच्या टाकीत घालतं. उसाच्या सरीत ते एकवेळ खपून जाईल, तुमच्या मिरचीला नको.

आता दुसरी बाजू. क्षार अडतात, तर मग खत आत जातं कसं? इथं झाडाला खर्च करावा लागतो. मुळाच्या पेशीच्या पटलात प्रोटॉन, म्हणजे हायड्रोजनचे धनभारित कण, बाहेर फेकणारे पंप असतात, ते एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, जाळून चालतात. त्यामुळं पेशीची आतली बाजू बाहेरच्यापेक्षा शंभर ते दोनशे मिलिव्होल्टनं ऋण राहते. पोटॅशियम धनभारित, त्याला आत यायला ही ओढ मदत करते. नायट्रेट ऋणभारित. त्याला आतली ऋण बाजू ढकलून लावते, म्हणून ते बाहेर फेकलेल्या प्रोटॉनांच्या सोबतीनं आत येतं, सहसा एका नायट्रेटमागं दोन प्रोटॉन. म्हणजे नत्राचा प्रत्येक कण आत घ्यायला झाडानं आधी साखर जाळलेली असते.

ही वाहक प्रथिनं ठरावीक संख्येत असतात आणि प्रत्येकाचा ठरावीक वेग असतो. कोगनोळीच्या टोल नाक्यावर रांग दुप्पट झाली म्हणून तासाला सुटणाऱ्या गाड्या दुप्पट होत नाहीत, खिडक्या जेवढ्या तेवढ्याच. एपस्टाईन आणि हेगन यांनी 1952 मध्ये बार्लीच्या मुळांवर पोटॅशियमच्या घराण्यातल्या आयनांचे प्रयोग करून हे दाखवलं: बाहेरची मात्रा वाढवत नेली तर सुरुवातीला आत जाणं भराभर वाढतं, मग वाढ मंदावते आणि सपाट होत जाते. पुढच्या संशोधनातून कळलं की मात्रा खूपच जास्त असेल तर दुसऱ्या, कमी चोखंदळ वाहकांतून आणखी थोडं जातं. पण पेशीत नायट्रेट पुरेसं झालं की ती चोखंदळ वाहकांची संख्याच कमी करते. 'हवं-नको' म्हणायचंच असेल तर ते इथं म्हणा, कारण हा निर्णय पेशी घेते, पटल नव्हे. तुमच्या दुप्पट डोसाचा हिशोब असा: आत जाणाऱ्या खतात किरकोळ वाढ, बाहेर राहणाऱ्या क्षारात भरपूर वाढ.

मुळाच्या आत एक ठिकाण असं आहे जिथं हे पटल टाळताच येत नाही. मुळाच्या बाहेरच्या भागात पाणी आणि क्षार पेशींच्या भिंतींतून, पटल न ओलांडताही, आत झिरपत येतात. पण मधल्या नळ्यांच्या भोवती अंतस्त्वचेचं, म्हणजे पेशींच्या एका थराचं, कडं असतं आणि तिच्या भिंतींत पाणी न सोडणारा पट्टा असतो, कॅस्पेरियन पट्टा. रॉबर्ट कॅस्पारी यांनी तो 1865 मध्ये वर्णन केला. तिथं भिंतीची वाट संपते आणि पुढं जायचं तर पटलातूनच जावं लागतं. म्हणून वरच्या सगळ्या झाडाचं पाणी त्या सात-आठ नॅनोमीटरवर अवलंबून.

एवढं असून पटलाची निवड शंभर टक्के अचूक नसते. सोडियम आणि पोटॅशियम एकाच घराण्यातले, भार सारखाच. बाहेर सोडियम फार झालं की काही मार्गांतून तेही घुसतं, आणि पटलाला सांधून ठेवणाऱ्या कॅल्शियमची जागा घेतं. मग पटल गळायला लागतं, आतलं पोटॅशियम बाहेर जातं. बोअरच्या पाण्यात सोडियम जास्त असेल तर हे होतं, आणि त्याचं चिन्ह जुन्या पानांच्या कडा करपलेल्या. ढबूच्या बुडाला खोलगट तपकिरी चट्टा पडत असेल तर तोही याच साखळीतला असू शकतो. कॅल्शियम झाडात पाण्याच्या प्रवाहाबरोबरच चढतं, पाणी अडलं की ते फळापर्यंत पोहोचत नाही. दुकानात कॅल्शियमची बाटली मिळेल. मुळाचं पाणी सुरळीत झाल्याशिवाय ती तोकडी पडते, हे माझं मत.

आणि आता तो मुद्दा, ज्यावर माझं तुमच्या दुकानदाराशी नाही तर कदाचित तुमच्याशीच भांडण होईल. झाड सुकतंय म्हटल्यावर तुम्ही ठिबक जास्त वेळ चालवत असणार. काळ्या रानात, मल्चिंगच्या खाली, हे उलटू शकतं. मुळाच्या पंपाला एटीपी लागतो, एटीपीला ऑक्सिजन. पाण्यातून ऑक्सिजन हवेच्या तुलनेत दहा हजार पट सावकाश सरकतो. मातीच्या पोकळ्या पाण्यानं भरल्या की मूळ गुदमरतं. ऑक्सिजन असताना एका ग्लुकोजमागं तीसेक एटीपी सुटतात, नसताना दोन. पंप मंदावतात, नायट्रेट-पोटॅशियम घेणं थांबतं. शिवाय पेशीतली आम्लता वाढते आणि त्यानं अ‍ॅक्वापोरिनच्या नळ्याच मिटतात. फ्रान्समधल्या संशोधकांनी 2003 मध्ये हे दाखवून दिलं. म्हणजे पाण्यात उभं राहूनही झाड सुकतं. लक्षण हुबेहूब तेच, उपाय नेमका उलटा.

दोन्हींतला फरक खुरप्यानं कळतो. दुपारी, झाड मलूल असताना, एका झाडापाशी कागद बाजूला करा आणि ड्रीपरपासून चार बोटं सोडून वीतभर खोल खणा. माती मुठीत दाबा. बोटांच्या फटीतून चिखल येत असेल, वास कुजकट असेल, मुळांची टोकं तपकिरी आणि साल ओढली तर सुटून येत असेल, तर अडचण हवेची. माती वाफशावर, मुठीत गोळा होऊन टिचकीनं फुटणारी, मुळाची टोकं पांढरी पण थोडी आणि आखूड, आणि ओल्या पट्ट्याच्या कडेला पापुद्रा, तर अडचण क्षारांची. दोन्ही एकाच रानात, वरच्या आणि खालच्या अंगाला, मी पाहिलंय. म्हणून दोन्हीकडं खणा.

हवेची अडचण निघाली तर ठिबक बंद ठेवा, वाफसा येऊ द्या, कडेचा चर मोकळा करा, आणि नंतर एकदम तीन तासांऐवजी थोडं थोडं, दोन पाळ्यांत पाणी द्या. तोवर खतच नको. पानातून अर्धा टक्का, म्हणजे लिटरला पाच ग्रॅम युरिया, संध्याकाळी फवारला तर तात्पुरता आधार मिळतो. उन्हात फवारू नका. पानावरचा थेंब आटत जातो तसा दाट होतो, आणि मग वर सांगितलेलं परासरण पानावरच सुरू होतं.

क्षारांची अडचण निघाली तर चार-पाच दिवस टाकीत काहीही घालू नका, नुसतं पाणी चालवा, नेहमीपेक्षा थोडं जास्त, म्हणजे मुळाच्या पट्ट्यातले क्षार खाली आणि बाजूला सरकतील. पण खालचा निचरा मोकळा असेल तरच. नदीकाठाला पाणीपातळी वर असेल तर हे क्षार पुन्हा वर येतात. कृष्णेच्या दोन्ही अंगांना, शिरोळपासून अथणी-रायबागपर्यंत, उसाची चांगली रानं मीठफुटीची झाली ती निचऱ्यावाचून भरमसाट पाणी दिल्यानंच. नंतर खत सुरू कराल तेव्हा आठवड्याचा डोस एका दिवशी न देता रोज किंवा दिवसाआड वाटून द्या. झाड पेशीत द्रव्यं साठवून हळूहळू चढणाऱ्या ईसीशी जुळवून घेतं, एका दुपारीत चढलेल्या ईसीशी त्याला जमत नाही. आणि वळवाची हलकी सर आली तर गंमत बघा: लोक ठिबक बंद करतात, आणि कडेला साठलेले क्षार त्या सरीबरोबर मुळांकडं उतरतात. हलक्या पावसात साध्या पाण्याचं ठिबक चालूच ठेवा. मोठा पाऊस झाला तर प्रश्न नाही, तो सगळंच धुऊन नेतो.

जिप्समचं तुम्ही विचारलंय. ते सोडियमच्या, म्हणजे चोपण जमिनीसाठी, जिथं सामू (पीएच) साडेआठच्या वर आणि सोडियमचं प्रमाण 15 टक्क्यांच्या वर. नुसत्या खारवट रानात जिप्सम टाकणं म्हणजे आणखी एक क्षार टाकणं. तपासणीआधी नको.

मुलीला एक सांगा, तिला परीक्षेत कुठं ना कुठं कामाला येईल. जुलाबात देतात ते ओआरएस याच नियमावर चालतं. लहान आतड्याच्या पेशीत ग्लुकोज आणि सोडियम एकाच वाहकातून जोडीनं आत जातात, रॉबर्ट क्रेन यांनी ही कल्पना 1960 मध्ये मांडली. ते आत गेले की पाणी त्यांच्यामागं जातं. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2002 पासूनच्या मिश्रणात लिटरला दोन्ही 75-75 मिलिमोल असतात. घरी कुणी प्रेमानं त्यात जादा साखर घालतं, तेव्हा न शोषलेली साखर आतड्यात राहून पाणी उलट ओढते आणि जुलाब वाढतात. तुमच्या दुप्पट डोसाची हीच गोष्ट, फक्त मुळाऐवजी आतडं. आणि वाहक मुळात प्रोटॉनच्या जोरावर चालतो, आतड्यात सोडियमच्या, हा फरक तिनं उत्तरात लिहिला तर मार्क कापायला जागा उरणार नाही.

आता नमुन्याचं. माती घेताना कागदाखालची, ड्रीपरच्या बाजूची, वीतभर खोलीपर्यंतची घ्या; पापुद्र्याची वरची माती त्यात मिसळू नका, ती वेगळ्या पिशवीत. पाण्याचे दोन नमुने घ्या: एक बोअर सुरू करून दहा मिनिटांनी, दुसरा खत चालू असताना लाइनीच्या शेवटच्या ड्रीपरखाली बाटली धरून. माती रैत संपर्क केंद्रात, म्हणजे कर्नाटक कृषी खात्याच्या केंद्रात, देता येईल. कागद कन्नडमध्ये आला तरी आकडे वाचता येतात, फक्त ईसीपुढचं एकक बघा. डेसिसायमन प्रति मीटर आणि मिलिसायमन प्रति सेंटिमीटर एकच, मायक्रोसायमन प्रति सेंटिमीटर असेल तर हजारानं भागा. सोडियम, कॅल्शियम आणि क्लोराइड वेगळं तपासायला सांगा, नेहमीच्या तपासणीत ते नसतं. ते आकडे, ग्लासातल्या खोडाचं काय दिसलं ते, आणि खणलेल्या मुळाचा फोटो पाठवा, मग खताचं वेळापत्रक ग्रॅममध्ये बसवून देतो.